आबा, जरा उठा

काटेआबा मीटरकडे कधी सरळ बघायचे नाहीत. करंट तपासायचा तो मीटर डाव्या हाताला ठेवायचा, त्याच्या वायरींच्या दोन्ही पिना दोन्ही हातांत घ्यायच्या, मान उजवीकडे वळवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून काट्याकडे पाहायचं. कोंबडी दाणा टिपायच्या आधी मान कलती करून बघते, तसं. न्हावऱ्यापासून केडगावपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या ट्रॅक्टरचे अल्टरनेटर, बॅटरी चार्जर आणि वेल्डिंग मशिनी आबांच्या हाताखालून गेल्या होत्या, त्या सगळ्यांना या मान वळवण्याचं मोठं कौतुक होतं. “आबांचं आन् काट्याचं काय तरी बोलणं चाललेलं असतंय, मधी बोलू ने,” असं लोक म्हणायचे. मीही तेच समजत होते.

त्यांचं आडनाव काटे नव्हतं. ते नाव त्यांना त्या मीटरनं दिलं. काळा, जड, वर काच आणि काचेखाली केसाएवढा बारीक काटा, असा तो जुना मीटर होता. त्याला चामड्याची पेटी होती आणि पेटीला गळ्यात अडकवायचा पट्टा. आमच्या घरात तोवर मेंढरंच होती. मेंढरांमागे न जाता दौंडला रेल्वे कॉलनीमागच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जाऊन बसलेला घरातला पहिला माणूस म्हणजे आबा. तो रेडिओवाला गाव सोडून गेला तेव्हा जाताना हा मीटर आबांना देऊन गेला. तेव्हापासून दुकान उघडलं की उदबत्तीच्याही आधी आबा दोन पिना एकमेकींना टेकवायचे. काटा डावीकडून पळत जाऊन उजव्या टोकाच्या शून्यावर पोचला की “हां” म्हणायचे आणि मग स्टुलावर बसायचे. आपण घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघतो, तेवढ्याच सहजपणे हे चालायचं.

मी त्या घरची सून. आबा माझ्या सासऱ्यांचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे. माझं माहेर केडगावचं. रोज सकाळच्या गाडीनं दौंडला जाऊन मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, आणि निकाल हातात पडला त्याच महिन्यात माझं लग्न झालं. न्हावऱ्यात आल्यावर मला नोकरी करायची आहे असं म्हटलं, तर सासऱ्यांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, “कामाला न्हाई कोण म्हणतंय? पर घरातल्या माणसाच्या नजरंखाली. आबांच्या दुकानात बस.” आमच्या ह्यांचा दुधाचा टेम्पो, ते पहाटे जात आणि दुपारी येऊन झोपत. त्यांनी मलाही आणि सासऱ्यांनाही होकाराची मान डोलावली, आणि मी आबांच्या दुकानात जाऊन बसले.

बसले म्हणजे अक्षरशः बसले. दुकान म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची अरुंद खोली, तिला दार एकच आणि खिडकी नाही. लांबट टेबलामागे दोन स्टुलं. दाराकडचं आबांचं, भिंतीकडचं माझं. टेबल आणि मागची मांडणी यांच्यात एका माणसापुरतीच जागा, त्यामुळे मला बाहेर जायचं तर आधी आबांनी उठायला हवं. त्यांचे गुडघे गेलेले. एक हात टेबलावर, एक मांडणीवर, “अरे देवा” म्हणून तीन टप्प्यांत ते उठायचे. “आबा, जरा उठा,” हे तीन शब्द मी चार वर्षांत किती वेळा गिळले असतील, ते माझं मला ठाऊक. उन्हाळ्यातसुद्धा पाणी मोजून प्यायचे. पत्रा तापायचा, मी भिंतीला पाठ लावून बसायचे, आणि आबांच्या खांद्यावरून रस्त्याचा एक तुकडा दिसायचा. त्यातून एसटी जायची, कांद्याचे टेम्पो जायचे, आणि रांजणगावच्या कंपन्यांच्या बसा जायच्या.

पहिल्या दिवशी मी डोक्यावर पदर घेऊन सोल्डरिंग करायला बसले. आबांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “पोरी, पदर पेटला तर पयला मीच सापडंन. दुकानात मी सासरा न्हाई. उंबऱ्याबाहेर गेलो की हाय.” तेव्हापासून त्यांनी तो नियम पाळला. गिऱ्हाईक आलं की मी ‘सूनबाई’, गिऱ्हाईक गेलं की ‘पोरी’. घरात चार वर्षांत मला कुणी पोरी म्हटलं नव्हतं. त्या दुकानाचा मी कितीही राग केला तरी हे खोटं कसं म्हणू?

आमचं निम्मं काम डायोडचं. डायोड म्हणजे एवढासा तुकडा, करंट एका बाजूनं जाऊ देतो आणि उलट्या बाजूनं अडवतो. दोन्हीकडून जाऊ लागला की तो शॉर्ट, कुठूनच जाईना की ओपन, आणि दोन्ही वेळी चार्जर बंद नाहीतर ट्रॅक्टरची बॅटरी झोपलेली. लहान डायोडच्या एका टोकाला पट्टी छापलेली असते, त्यावरून दिशा कळते. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमधले मात्र गोल बटणासारखे, सहा. तीन एका जातीचे, तीन उलट्या जातीचे, आणि दिसायला सहाही सारखे. जात काय ती वर लाल किंवा काळ्या शाईत लिहिलेली असते, आणि तेला-धुळीत ती शाई पहिली जाते. मग मीटर लावूनच जात ओळखायची.

इथे आबांच्या मीटरची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. काट्याच्या मीटरवर डायोड तपासताना आतल्या सेलचा प्लस काळ्या पिनेवर येतो आणि मायनस लालवर. सगळ्या जगात लाल म्हणजे प्लस, आणि या मीटरमध्ये नेमकं उलट. डिजिटल मीटरमध्ये तसं नाही, तिथे लाल ती लालच. मी आयटीआयला डिजिटलवर शिकलेली. पहिल्याच आठवड्यात मी आबांचा मीटर लावला आणि मोठ्या रुबाबात सांगितलं, “आबा, या डायोडवर कंपनीनं पट्टीच उलटी छापलीय.” आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी मीटरच्या पट्ट्याला लाल दोऱ्यानं बांधलेला एक जुना, बटणाएवढा डायोड मला दाखवला. त्याची जात त्यांना पाठ होती. त्याचं नाव ‘ओळखीचा’.

“मीटर कुणाचाबी असू दे,” आबा म्हणाले, “आधी ह्या ओळखीच्याला लाव. त्या मीटरमदी काळी कोण आन् लाल कोण, ते ह्यो सांगतो. मग अनोळखी लोकांकडं जा. आपल्याला ठावं हाय म्हणून कुणी पुढं जायाचं न्हाई. मीबी न्हाई.” नंतर मी शिरूरहून माझा डिजिटल मीटर आणला, पिवळ्या रबरी कव्हरातला. डायोडला बरोबर बाजूनं लावला की तो एकदा टिक करून वाजायचा आणि आकडा दाखवायचा. आबांनी तो हातात घेऊन वजन केलं. “आकडा सांगतो, पर कुठनं आला ते न्हाई सांगत,” ते म्हणाले. “काटा चालत येतो. वाटंत दिसतो.” आणि मीटर माझ्याकडे सरकवला.

पहिलं वर्ष त्यांनी मला मीटरवरचं काही बोलू दिलं नाही. दुसऱ्या वर्षापासून मात्र पिना ते धरायचे आणि मला म्हणायचे, “वाच.” मी वाचायचे. काटा कुठवर गेला, उलट धरल्यावर हलला का, माझ्या मीटरवर आकडा किती. ते मान वळवून ऐकायचे आणि “हां” म्हणायचे. मला वाटलं, आपल्याला बढती मिळाली. दुसरी एक सवय त्याच सुमारास लागली. डायोड लावायच्या आधी ते पंखा बंद करायला सांगत. चैत्रातल्या दुपारी, पत्र्याखाली. “काट्याला वारा लागतो.” मी म्हटलं, “आबा, काट्यावर काच आहे. आत वारा कसा जाईल?” “मग काचंला इचार,” ते म्हणाले. मी पंखा बंद केला आणि घाम पुसत वाचलं.

तिसऱ्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागली होती. तिथे तपासणीच्या लाइनवर आमच्या ट्रेडच्या मुली हव्या होत्या, आणि न्हावरे फाट्यावरून बस होती. मी घरात विषय काढला. सासऱ्यांनी नाही म्हटलं नाही, ते कधीच नाही म्हणत नसत. ते म्हणाले, “आबांना इचार. तुझा हात बसला आसं त्यांनी सांगितलं की बघू.” सासूबाईंनीही तेच, आमच्या ह्यांनीही तेच. म्हणजे माझ्या बाहेर जाण्याची किल्ली आबांच्या एका वाक्यात होती. मी मोठ्या आशेनं विचारलं. आबा एका चार्जरचं झाकण लावत होते. स्क्रू पूर्ण पिळून झाल्यावर म्हणाले, “अजून हात न्हाई बसला.”

सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं. “अजून न्हाई.” तोवर अवघड कामं मीच करत होते. वेल्डिंग मशिनी मी उघडायचे, बोर्ड मी बदलायचे, गिऱ्हाइकं “सूनबाईंना दावा” म्हणायला लागली होती. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज चढला. “आबा, माझ्या हाताला नेमकं काय झालंय ते तरी सांगा.” ते मान वळवून रस्त्याकडे बघत राहिले. मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी मी दुपारचा डबा त्यांच्याकडे पाठ करून खाल्ला. त्या जागेत पाठ करायची म्हणजे तोंड भिंतीला लावायचं. तसंच खाल्लं.

मग मैत्रिणीनं सांगितलं की भरती पुन्हा निघालीय, परीक्षा एकच दिवस आहे. मी आबांना म्हटलं, “दाढ दुखतेय, शिरूरला दाखवून येते.” घरी काहीच बोलले नाही. नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघाले, दुकानाच्या दारातूनच आबांना ‘जाऊन येते’ म्हटलं आणि फाट्यावरून रांजणगावची जीप धरली. लग्नानंतर एकटीनं केलेला तो माझा पहिला प्रवास. जीपमध्ये मी कडेला बसले होते आणि वाटेत कुणालाही न उठवता खाली उतरता येईल, एवढ्यानंच मला हसू फुटत होतं.

कारखान्यात माझ्यापुढे एक ट्रे ठेवला. शाई पुसलेले डायोड, जाती वेगळ्या करायच्या. मीटर डिजिटल होता, पण त्याच्या दोन्ही पिना काळ्या. कुणीतरी तुटलेली लाल पिन काढून दुसरी काळी लावली होती, की मुद्दाम तसं केलं होतं, देव जाणे. बाकीच्या मुलींनी पटापट हात चालवला. मी हात वर करून म्हटलं, “सर, आधी एक ओळखीचा डायोड द्या.” साहेबांना कळेना. मग मी सांगितलं, ज्याची दिशा पक्की ठाऊक आहे असा. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, खिशातून एक काढून दिला आणि विचारलं, “हे कुणी शिकवलं?” मी म्हटलं, “आमच्या आबांनी.” ज्यांच्यापासून पळून आले होते त्यांचंच नाव तोंडात आलं, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

त्याच दिवशी दुकानात काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. निमोण्याच्या एका बागायतदाराचा ड्रायव्हर ट्रॅक्टरचा अल्टरनेटर टाकून गेला होता. कांदा काढणी चालू, तासात हवा म्हणाला. आबांनी सहाही डायोड बदलले, त्यांच्या डब्यातले जुने, शाई गेलेले. ड्रायव्हर घेऊन गेला, त्यानं बसवला, बॅटरीची वायर जोडली आणि वायरींनी धूर सोडला. रानात पाण्याचा ड्रम होता म्हणून ट्रॅक्टर वाचला. वायर उपटताना ड्रायव्हरचा तळहात भाजला.

सकाळी बागायतदार दुकानात उभा. त्यानं जळका अल्टरनेटर टेबलावर ठेवला. “आबा, तुमच्या हातनं चाळीस वरसांत आसं झालं न्हाई,” तो म्हणाला. “म्हंजी ह्ये तुमचं काम न्हाई.” आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. “पोरीबाळींच्या हातात कशाला देता वो? माणूस मेलं असतं.” मी आत भिंतीकडे, आबा दाराकडे, तो दारात. मी आबांकडे बघितलं. आबांनी मान वळवली. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, “आलटरनेटर मी परत करून देतो, पाव्हणं.” बस, एवढंच.

आणि मी? मीही गप्प. मी दुकानात नव्हतेच, एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. पण मग कुठे होतीस, हा प्रश्न आला असता. घरच्यांच्या हिशेबी मी दुकानातच होते. बातमी माझ्या आधी घरी पोचली. सासऱ्यांनी आवाज चढवला नाही. ते जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाले, “सूनबाई, उद्यापास्नं घरीच ऱ्हावा. झालं तेवढं पुरं झालं.”

नऊ दिवस मी घरी होते. पाणी हवं तेवढं पीत होते, कुणाला उठवावं लागत नव्हतं, आणि तरी दुकानातल्या स्टुलापेक्षा जास्त कोंडल्यासारखं वाटत होतं. तिथून निदान रस्ता दिसायचा. पाचव्या दिवशी फोनवर निरोप आला, निवड झाली, एक तारखेला हजर व्हा. मी तो निरोप चुलीपुढे उभी राहून वाचला आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं. कुणाला सांगणार? एका गोष्टीनं मात्र डोक्यात घर केलं होतं. तो जळका अल्टरनेटर मी त्या दिवशी दुकानातून निघण्याआधी माझा मीटर लावून बघितला होता. सहाच्या सहा जागी उलट्या जातीचे डायोड बसलेले. चुकून एखादा उलटा लागतो, दोन लागतात. सहाही उलटे लागायला माणूस निष्काळजी असून चालत नाही, त्यानं प्रत्येक डायोड नीट तपासलेला असावा लागतो. फक्त पिनांचे रंग भलतेच धरून.

दहाव्या दिवशी माझा मीटर आणायच्या निमित्तानं मी दुकानात गेले. आबा आपल्या स्टुलावर बसले होते, टेबलावर काहीच काम नव्हतं. त्यांच्या पुढ्यात काट्याचा मीटर. मी पिना एकमेकींना टेकवून बघितल्या. काटा हलला नाही. आतला सेल संपला होता. दर महिन्याला तो मी बदलायचे, आणि परीक्षेच्या गडबडीत या वेळी विसरले होते.

“माझ्या मीटरवर तपासले ना तुम्ही?” मी विचारलं.

“व्हय.”

“हात काट्याच्या सवयीनं गेला. काळी ती प्लस धरली.”

“व्हय.”

“आणि ओळखीचा?”

“त्यो ह्या पट्ट्याला बांधल्याला,” आबा म्हणाले. “तुझा मीटर टिक वाजला. म्हटलं, बोलतोय की बरोबर.”

टिक वाजला, असं म्हणाले ते. आकडा आला, असं नाही. मी पिवळा मीटर चालू केला, ओळखीच्या डायोडला पिना लावल्या, आणि त्यांच्यासमोर सरळ धरला. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना म्हटलं, “आबा, वाचा.”

त्यांनी मान उजवीकडे वळवली. मग डावीकडे. मग म्हणाले, “पंखा बंद कर.” पंखा बंदच होता. मी तसं सांगितलं नाही. शेवटी त्यांनी मान सरळ केली. “मधलं सगळं गेलंय पोरी. साखरंनं. कडंकडंचं दिसतं. काटा हालला तर हाललेला दिसतो. शॉर्ट असला की पार टोकाला जाऊन टक वाजतो, त्यो पंखा नसला की आयकू येतो. आकडं दिसत न्हाईत. तीन वरसं झाली.”

तीन वर्षं. म्हणजे ‘वाच’ ही माझी परीक्षा नव्हती. आबा माझ्या डोळ्यांनी बघत होते. सासऱ्यांनी मला ज्या नजरेखाली ठेवलं होतं ती नजर माझीच होती. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि मी तसंच बोलले. “मग हात बसला नाही असं का म्हणालात? सरळ सांगायचं होतं, मला सोडून जाऊ नको.”

“सांगितलं असतं तर तू गेली नसतीस,” आबा म्हणाले. “आन् न्हाई सांगितलं तवाबी गेली न्हाईस. सांगू का नको ह्येच्यात तीन वरसं गेली. तू गेलीस म्हंजी मी हितं बसून काय करायचं? दार उघडायचं आन् लावायचं?” मग म्हणाले, “दाढ कशी हाय?”

“दाढ नव्हती दुखत.”

“ते ठावं हाय. नव्या चपला वाजत हुत्या. जिची दाढ दुखती ती बाई नव्या चपला घालत न्हाई.”

मी त्यांना सगळं सांगितलं, दोन काळ्या पिनांसकट. तो भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला. एक तारखेचंही सांगितलं. मी निघाले तर म्हणाले, “मीटर ऱ्हाऊ दे हितंच. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आमच्या घरी आले. दुकानापासून घरापर्यंत चालत, एका हातानं कुंपण चाचपत. ओसरीवर सासरे आणि शेजारचे दोघे बसले होते. मी दाराआड उभी. आबा बसले नाहीत. चहा नको म्हणाले.

“शिवा,” ते सासऱ्यांना म्हणाले, “निमोण्याचं काम माझ्या हातनं बिघाडलं. माझं डोळं गेल्यात. पाव्हण्याकडं जाऊन सांगून आलोय, ड्रायव्हरलाबी भेटलो. आता तुला सांगतो.”

सासरे उठून उभेच राहिले. “मग सूनबाई काय करत हुती?”

“सूनबाई दुकानात नव्हती. मी तिला रांजणगावला परीक्षेला धाडली हुती. घरी सांगू नको म्हणून मीच सांगितलं. पास झाली म्हंजी सांगू, म्हटलं.” आबांनी मान वळवली नाही, सासऱ्यांकडे तोंड करून सरळ बोलत होते, सासरे त्यांना दिसत नसताना. “आन् ती पास झाली. एक तारखंला हजर व्हायाचंय. तिचा हात बसलाय, शिवा. लई दिवस झालं बसून.”

आबांच्या शब्दापुढे आमच्या घरात काही बोलायची पद्धतच नव्हती. त्यांच्याच एका वाक्यानं मला वर्षभराहून जास्त धरून ठेवलं होतं, आणि दुसऱ्या वाक्यानं सोडलं. त्यात धाडल्याचं एक खोटं होतं. जन्मभर काटा खोटं बोलत नाही म्हणून सांगणाऱ्या माणसानं ते माझ्यासाठी चौघांत सांगितलं, आणि त्यासाठी स्वतःचं दुकान दिलं. डोळे गेलेत हे एकदा बाहेर पडल्यावर डायोड कोण आणणार होतं त्यांच्याकडे?

एक तारखेच्या आदल्या दिवशी मी माझी पिशवी भरायला दुकानात गेले. आत शिरताना ते उठले, मी भिंतीकडच्या माझ्या जागेवर जाऊन मीटर, सोल्डरिंग गन, डबा असं सगळं गोळा केलं. ते पुन्हा बसले होते. मी पिशवी खांद्याला लावली आणि सवयीनं थांबले, आता कसं म्हणावं म्हणून. मला म्हणावं लागलं नाही. आबा आपणहून उठले, टेबलावर हात, मांडणीवर हात, तीन टप्प्यांत, आणि स्टूल उचलून स्वतः दाराबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. त्यांनी लाल दोऱ्यातला ओळखीचा डायोड सोडवून माझ्या हातात दिला. “तुझा मीटर नवा हाय,” म्हणाले. “त्याला कुणी ओळखीचं पायजे.” मी रस्त्यावरच वाकून पाया पडले. स्टूल त्यांनी परत आत नेलं नाही.

कारखान्यात मला आता बरीच वर्षं झाली. तिथेही माझी जागा दोन मशिनींच्या मध्ये आहे. बाहेर जायचं तर बटण दाबायचं, दिवा लागतो, बदली मुलगी येईपर्यंत थांबायचं. इथे कुणी “अरे देवा” म्हणत उठत नाही, पण पाणी मी अजून मोजूनच पिते. माझ्या ट्रेच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक डायोड असतो. नव्या मुली आधी हसतात, मग महिन्याभरात प्रत्येकीच्या ट्रेमध्ये एकेक येतो, कुणाचा निळ्या दोऱ्यात, कुणाचा केसांच्या रबरात.

महिन्यातून एका सुट्टीला मी आबांकडे जायचे. ते ओसरीवर बसलेले असत, पुढ्यात मीटर. मी नवा सेल घालायचे, ते पिना टेकवायचे, मान वळवायचे आणि म्हणायचे, “वाच.” शेवटच्या वेळी गेले तेव्हा कडेचंही सगळं गेलं होतं. मी सेल बदलला, त्यांनी चाचपत पिना टेकवल्या. काटा हलला नाही. मीटर बहुतेक कधीतरी त्यांच्या हातून पडला होता आणि आतली बारीक तार तुटली होती. तसली तार आता कुठे मिळत नाही.

“पंखा बंद कर,” आबा म्हणाले. मी उठून केला. ते कान देऊन बसले.

“आला का शून्यावर?”

“आला, आबा.”

“हां,” ते म्हणाले. “मग ओळखीच्याला लाव आन् वाच.”

मी खिशातून ओळखीचा काढला, त्यांच्या हातातल्या पिनांमध्ये धरला, आणि जागचा न हललेला तो काटा त्यांना नीट, सावकाश, टोकापर्यंत वाचून दाखवला.